आपल्या गल्लीचा पैसा आणि आपले मत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस ह्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय निवडण्याची मुभा त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, विद्यार्थिवसतिगृह, ज्ञातीचा पूर्वेतिहास अशा विषयांवर ह्या व्यासपीठावरून आपण विद्वानांची भाषणे ऐकत आलेला आहात. त्या पंक्तीस बसण्याची आमची योग्यता नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचा विषयही त्या पंक्तीत शोभणारा नाही. आमचा विषय गटाराचा आहे. गटार, पदपथ, कोपऱ्यावरचा दिवा, सार्वजनिक नळ. आणि ह्या गोष्टींसाठी जो पैसा दरसाल खर्ची पडतो तो नेमका कोठे खर्च व्हावा हे कोणी ठरवावे, एवढाच प्रश्न आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आपल्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा अनुभव सर्वांस आहेच. हिशेब वाचून दाखविला जात असताना चहापानाच्या खर्चापाशी कोणी तरी सभासद उठून उभे राहतातच, आणि मग अर्धा तास त्या एका रकमेची चिकित्सा चालते. आम्ही ह्यास हसत नाही. पैसा आपला आहे, वर्गणी आपण दिलेली आहे, तेव्हा त्याचा जाब विचारणे हे सभासदाचे कर्तव्यच होय. परंतु हेच चिकित्सक सभासद ज्या गल्लीत राहतात त्या गल्लीवर महानगरपालिकेने गेल्या वर्षी किती लाख रुपये खर्च केले, हे त्यांस विचारले तर ते आपल्या तोंडाकडे पाहत राहतात. घरपट्टी आपणच भरतो. तरीही तो पैसा एकदा खिडकीतून आत गेला की तो आपला राहिला नाही, सरकारचा झाला, असे आपल्या मनाने कोण जाणे केव्हा ठरवून टाकले आहे.

असे सर्वत्र नसते. जगाच्या पाठीवर काही नगरांतून रहिवाशांनी हा पैसा पुन्हा आपल्या विचाराखाली आणला, त्यांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो.

ब्राझील देशाच्या दक्षिण टोकास रिओ ग्रांदे दो सुल नावाचा प्रांत आहे व पोर्तो अलेग्रे हे त्याच्या राजधानीचे शहर. त्या देशात १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती. ती संपल्यावर १९८८ साली नवी राज्यघटना आली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत ह्या शहराच्या महापौरपदी ओलिव्हिओ दुत्रा हे श्रमिक पक्षाचे पुढारी निवडून आले. त्यांनी १९८९ पासून असा प्रघात पाडला की शहराच्या भांडवली खर्चातील कामांचा क्रम रहिवाशांच्या सभांतून ठरावा. शहराचे सोळा विभाग पाडले. प्रत्येक विभागात सभा भरे. रस्त्याची फरसबंदी, मलनिस्सारण, पाणी, घरे, शाळा इत्यादींपैकी कोणती निकड आधी, हे लोक तेथे ठरवीत व आपले प्रतिनिधी निवडून देत. त्या प्रतिनिधींच्या मंडळात अंदाजपत्रकाची घासाघीस होई.

आता कोणी म्हणेल की ही तर ग्रामसभाच झाली, ह्यात नवल ते काय? नवल पुढे आहे. सभेस ज्या विभागाचे लोक जास्त येतील त्यास जास्त पैसा, असा सरळ हिशेब त्यांनी ठेवला नाही. तसा ठेवला असता तर ज्यांस फावला वेळ आहे, ज्यांस बोलता येते, ज्यांच्यापाशी वाहन आहे, त्यांच्याच दारी सारा पैसा गेला असता. त्यांनी गुण देण्याची पद्धत काढली. विभागाची लोकसंख्या किती, लोकांनी त्या कामास कितवा क्रम दिला, आणि त्या सोयीची तेथे मुळात उणीव किती आहे, ह्या तिन्ही गोष्टींस गुण असत. ज्या वस्तीत पाणीच पोचलेले नाही तिचे पारडे नळ असलेल्या वस्तीपेक्षा आपोआप जड होई. ही उणिवेच्या गुणांची कल्पना आपण ध्यानात ठेवावी; पुढे आमच्याच एका अपराधाच्या संदर्भात तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आरंभ सुखाचा नव्हता. नव्या कारभाऱ्यांनी तिजोरी उघडून पाहिली तर उत्पन्नाचा बहुतेक भाग नोकरवर्गाच्या पगारातच संपत होता. सभांतून लोकांनी कामे सुचविली, कारभाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि कामे मात्र झाली नाहीत. परिणामी पुढील वर्षी लोक सभांस येईनासे झाले. नगरपालिकेने करांची घडी नीट बसविली, हाती पैसा आला, मान्य झालेले रस्ते खरोखरच बांधले जाऊ लागले, तेव्हा कोठे सभा पुन्हा भरू लागल्या. जागतिक बँकेने दिलेल्या आकड्यांनुसार त्या शहरात पाणी व मलनिस्सारण ह्यांची जोडणी असलेली घरे १९८८ मध्ये शेकडा ७५ होती, ती १९९७ मध्ये शेकडा ९८ झाली. इस्तंबूल येथे १९९६ साली भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक परिषदेतही ह्या प्रयोगाची वाखाणणी झाली. तथापि ह्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. २००४ साली तो पक्ष तेथे निवडणूक हरला, नंतरच्या कारभाऱ्यांचा उत्साह ओसरत गेला, आणि २०१७ मध्ये ही पद्धत स्थगित करण्यात आली. जी सवय कायद्याने बांधलेली नव्हती, कारभाऱ्यांच्या इच्छेवर उभी होती, ती इच्छा आटताच खाली बसली. दरम्यान तिची बीजे मात्र जगभर शेकडो गावी उडून गेली होती.

त्यांतील एक बीज अमेरिकेत शिकागो शहरी रुजले. तेथला प्रकार आपल्याकडील नगरसेवकांच्या निधीशी इतका जुळतो की तो जरा विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. शिकागो शहराचे पन्नास वॉर्ड आहेत व प्रत्येकाचा एक नगरसेवक, ज्यास ते आल्डरमन म्हणतात. प्रत्येक आल्डरमनास आपल्या वॉर्डातील रस्ते, पदपथ, दिवे, गल्ल्या ह्यांच्या कामासाठी दरसाल एक ठराविक रक्कम वापरता येत असे. आम्ही सांगत आहोत त्या काळी ती सुमारे तेरा लाख डॉलर होती. तिला तेथे ‘मेन्यू मनी’ हे मोठे मौजेचे नाव आहे. उपाहारगृहात जशी पदार्थांची व किंमतींची पाटी असते तशी नगरपालिकेची कामांची यादी असे: एवढ्या लांबीचा डांबरी थर इतक्यास, एक दिवा इतक्यास, गतिरोधक इतक्यास. त्या पाटीवरून आल्डरमन आपल्या मर्जीप्रमाणे पदार्थ मागवी. ताट रहिवाशांचे, भूकही रहिवाशांची, आणि निवड मात्र एकट्याची!

शहराच्या उत्तर टोकास, सरोवराच्या काठी रॉजर्स पार्क नावाची वस्ती आहे. नाना देशांचे, नाना भाषांचे लोक तेथे राहतात. हा ४९ वा वॉर्ड. जो मूर हे तेथील जुने आल्डरमन. २००७ च्या निवडणुकीत ते फेरमतदानात अगदी थोडक्या मतांनी तरले, आणि लोकांचा आपल्यावरील विश्वास उणावल्याची त्यांस जाणीव झाली असावी. त्याच वर्षी अटलांटा येथील एका परिषदेत पोर्तो अलेग्रेच्या पद्धतीविषयी त्यांच्या कानी आले. २००९ साली त्यांनी जाहीर केले की आपली मेन्यूची रक्कम कशी खर्चावी हे आता रहिवाशांनी मत देऊन ठरवावे. अमेरिकेत असे करणारे ते पहिलेच नगरसेवक.

त्याची रीत अशी. प्रथम निरनिराळ्या मोहल्ल्यांत सभा झाल्या व तेथे लोकांनी सूचना दिल्या. मग ज्या रहिवाशांस ह्या कामी वेळ देण्याची इच्छा होती त्यांच्या समित्या झाल्या. त्या हिवाळाभर रस्तोरस्ती हिंडल्या, कामे पाहून आल्या, नगरपालिकेच्या खात्यांकडून प्रत्येक कामाचा अंदाजी खर्च त्यांनी काढून घेतला आणि ज्या कल्पना नियमात बसत नव्हत्या त्या गाळल्या. ह्या चाळणीतून उरलेली कामे मतपत्रिकेवर आली, किंमतीसह. एप्रिल २०१० मध्ये मतदान झाले. मताचा अधिकार कोणास होता हे आवर्जून सांगावेसे वाटते: जो वॉर्डात राहतो आणि ज्याचे वय सोळा वर्षांचे झाले आहे अशा प्रत्येकास. मतदारयादीत नाव असो वा नसो, त्या देशाचे नागरिकत्व असो वा नसो. कारण फुटक्या पदपथावर ठेच लागताना पाऊल नागरिकत्वाचा दाखला दाखवीत नाही.

पहिल्या क्रमांकाने मते पडली ती पदपथांच्या दुरुस्तीस. सायकलींच्या मार्गांस पडली, रेल्वेपुलाखालच्या ओंगळ भिंतींवर चित्रे काढण्यास पडली, आणि कुत्र्यांना मोकळे सोडण्याच्या एका बागेसही पडली. आपण हसता आहात. आम्हीही वाचताना हसलो होतो. परंतु नंतर मनात आले की ज्यांस कुत्र्यांची बाग हवी होती त्यांनी ती उघडपणे मागितली, तिची किंमत सर्वांपुढे छापली गेली, आणि लोकांनी समजून उमजून मते दिली. आपल्याकडे एखाद्या चौकात सहा महिन्यांत दोनदा कारंजे बसते व दोन्ही वेळा बंद पडते, त्यास मात्र कोणी हसत नाही, कारण ते कोणी मागितले हेच कोणास ठाऊक नसते. पुढील वर्षांत त्यांनी एक सुधारणाही केली. रकमेचा किती हिस्सा रस्त्यांच्या डांबरीकरणासारख्या नित्याच्या कामांस राखावा हेही मतपत्रिकेवरच विचारले जाऊ लागले, म्हणजे हौसेच्या कामांनी गरजेचा घास खाऊ नये.

आता उणी बाजू. सुमारे पंचावन्न हजार वस्तीच्या त्या वॉर्डात पहिल्या वर्षी मत द्यावयास आले ते सोळाशेंहून थोडे अधिक. शंभरांत तीन! त्यांतही स्पॅनिश बोलणारे, कष्टाची कामे करणारे रहिवासी त्यांच्या संख्येच्या मानाने फारच थोडे आले. त्यांच्या भाषेत सभा घेतल्या तरी आले नाहीत. दुसरे असे की पन्नासही वॉर्डांस सारखीच रक्कम मिळे. कोठे रस्ते धड आहेत आणि कोठे उखडले आहेत ह्याचा तीत विचारच नव्हता. शहराच्या महानिरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात ह्यावर नेमके बोट ठेवले. पोर्तो अलेग्रेने उणिवेस जे गुण दिले होते ते शिकागोत आणताना वाटेतच कोठे तरी गळून पडले होते.

एक शेवट सांगून शिकागोची रजा घेतो. मूर महाशय २०११ साली शेकडा सत्तरांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. परंतु २०१९ मध्ये मारिया हॅडन ह्या बाईंनी त्यांचा पराभव केला; आणि ह्या बाई सार्वजनिक कामात पडल्या त्या त्यांनीच सुरू केलेल्या ह्या अंदाजपत्रकाच्या उपक्रमात स्वयंसेवक म्हणून. ज्याने लोकांस हिशेब वाचावयास शिकविले त्याची जागा त्याच्याच शाळेतील विद्यार्थिनीने घेतली. आमच्या दृष्टीने ही त्या प्रयोगाची फलश्रुतीच होय. मूर महाशयांचे मत अर्थात निराळे असू शकेल.

आता घरी येऊ. आपल्याकडे हे अगदीच अपूर्व आहे असे नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायती व नगरपालिका ह्यांस घटनेचा आधार दिला. त्या १९९३ साली अमलात आल्या. केरळ राज्याने १९९६ मध्ये योजनेच्या पैशाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग गावांच्या हाती देऊन लोकयोजना चालविली. महाराष्ट्रात ‘आमचा गाव, आमचा विकास’ ह्या नावाखाली ग्रामपंचायतींनी आपले विकास आराखडे ग्रामसभेत ठरवावेत असा उपक्रम २०१५-१६ च्या सुमारास सुरू झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ह्या गोंडांच्या लहानशा गावाने तर मतदानाची रीतही मानली नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत बसावयाचे, असा त्या गावाचा दंडक आहे. पाच मुखी परमेश्वर म्हणतात तो हाच. पण शहराच्या चार-चार मजली इमारतींत, जेथे शेजाऱ्याचे नाव टपालपेटीवर वाचावे लागते, तेथे एकमताची वाट पाहत बसलो तर गटार पाच वर्षे तसेच वाहील. तेथे मत मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्या देशातील मोठ्या शहरांत असे करणाऱ्या पहिल्यांपैकी ती एक. नागरिकाने आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन छापील अर्ज भरावयाचा: पदपथ, दिवे, बसथांबा, सार्वजनिक स्वच्छतागृह, बाके, मोऱ्या अशा लहान कामांपैकी काय हवे व कोठे. एका कामास पाच लाख रुपयांची मर्यादा बरीच वर्षे होती. अर्जांची छाननी अधिकारी करीत आणि निवड प्रभाग समितीत होई. उपक्रम स्तुत्य आहे ह्यात शंका नाही. परंतु त्यातील मर्म पाहा: सूचना नागरिकांची, आणि निवड पुन्हा दुसऱ्याचीच. आमची सूचना का घेतली, शेजारच्यांची का टाकली, हे सर्वांदेखत ठरत नाही. कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेचीही तरतूद आहे, म्हणजे शहरातील लहान भागाच्या मतदारांची जणू ग्रामसभाच. अशी क्षेत्रसभा भरलेली ह्या सभागृहातील किती जणांनी डोळ्यांनी पाहिली आहे? हात वर करावेत... ठीक आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर काही वर्षे निवडून आलेले सभागृहच पुण्यात नव्हते, कारभार प्रशासक पाहत होते. त्या काळात नागरिकाचे म्हणणे ऐकण्यास अर्जाच्या कागदाखेरीज दुसरे काय उरले होते?

आणि आता तो अपराध. आम्ही ज्याविषयी बोलत आहोत त्याचा लाभ आम्ही घेतलेला आहे, आणि तो वाईट रीतीने घेतलेला आहे, हे सांगितल्यावाचून पुढे बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्याच सभागृहासमोरचा पदपथ आपणांपैकी अनेकांस आठवत असेल. शहाबादी फरशीचा होता. दोन-तीन फरश्या हलत असत, एरव्ही चालण्याजोगा होता. मंगलकार्यांस येणाऱ्या पाहुण्यांपुढे तो शोभत नाही, असे कार्यकारिणीत निघाले. आम्ही त्या वेळी कार्यकारिणीत होतो आणि अर्जांची माहिती आम्हांसच होती. एका रविवारी आम्ही बेचाळीस अर्ज आणले, सभासद कुटुंबांस वाटले, आणि सर्वांवर एकच मागणी लिहिली: जुनी फरशी काढून रंगीत ब्लॉक बसवावेत. बहुतेक अर्जांवरचे अक्षरही आमचेच होते, सह्या तेवढ्या निरनिराळ्या. काम मंजूर झाले. आपण ज्या ब्लॉकांवरून आज आत आलात ते तेच. पुढील वर्षीच्या अहवालात कार्यकारिणीचे अभिनंदनही छापले गेले.

सभागृहाच्या मागल्या भिंतीपलीकडे नाल्याच्या कडेने जी वस्ती आहे तिचे ड्रेनेजचे चेंबर त्याच पावसाळ्यात तुंबले. ते दरवर्षीच तुंबत असे. आम्हांस ते ठाऊक नव्हते असे नाही, वास भिंतीवरून येतोच. त्या वर्षी घाण पाणी घरांत शिरले. आमच्या घरी धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा घरातून जरा त्रासूनच त्यांस विचारणा झाली. त्या काही बोलल्या नाहीत. काम आटोपल्यावर जाताना मात्र दाराशी थांबून आम्हांस म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही त्या रविवारी कागद भरत होता ना, ते कुठं मिळतात? आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्या लायनीत लिहिता येणाऱ्या दोन पोरी आहेत.’’

आम्ही त्यांस कार्यालयाचा पत्ता सांगितला आणि मुदत संपल्याचेही सांगितले. दुसरे काय सांगणार? आमचा बेचाळीसांचा गठ्ठा आणि त्यांचा एकही अर्ज नाही; समितीपुढे कागद गेले असतील तेव्हा भिंतीच्या ह्या बाजूस निकड मोठी आणि त्या बाजूस सारे आलबेल, असेच दिसले असेल. नियम कोणताही मोडला गेला नव्हता. उणिवेस गुण असते तर आमचे रंगीत ब्लॉक त्या चेंबरपुढे उभेही राहू शकले नसते. पोर्तो अलेग्रेविषयी आम्ही पुढे वाचले तेव्हा प्रथम आठवण झाली ती त्या बाईंची.

ह्यावर काही मित्रांनी घेतलेले आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. एक म्हणतात, नगरसेवक निवडून दिला आहे ना, मग पुन्हा मत कशास? नगरसेवकास मत देताना आपण पक्ष पाहतो, माणूस पाहतो, कधी आपला म्हणूनही पाहतो. कोणत्या चेंबरचे काम आधी हे त्या मतात कोठेही लिहिलेले नसते. दुसरे म्हणतात, सामान्य माणसास अभियांत्रिकीतले काय कळते? शिकागोतही हाच प्रश्न होता, म्हणूनच प्रत्येक कामापुढे खात्याने काढलेला खर्च छापला जाई. दर आणि पल्ला इंजिनियराने सांगावा. कोणते दुःख आधी निवारावे हे सोसणाऱ्यास इंजिनियरापेक्षा अधिक कळते.

तिसरे म्हणणे आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांचे आहे आणि त्याचे उत्तर जपून द्यावे लागेल. ते म्हणतात, असे मतदान आलेच तर मंडळाने यादी काढावी व ज्ञातीची मते एकगठ्ठा पडतील असे पाहावे; बाकीचे तेच करणार आहेत. त्यांच्या बोलण्यामागची काळजी आम्ही ओळखतो. आपल्या आजोबा-पणजोबांस शहरात शिकावयास आल्यावर राहण्यास खोली मिळत नसे, म्हणून त्यांनी मूठमूठ धान्य गोळा करून हे मंडळ उभारले. एकजूट केली नसती तर आपण आज येथे नसतो. परंतु त्यांनी गोळा केलेला पैसा ज्ञातीने ज्ञातीसाठी दिलेला होता. महानगरपालिकेचा पैसा तसा नाही. त्यात त्या भिंतीपलीकडच्या माणसांचाही वाटा आहे, कारण साबणासारख्या अनेक वस्तूंवर तेही कर देतातच. तो पैसा ज्ञातिनिधी समजून ओढून आणणे ह्यास एकजूट म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. आणि आपण एकगठ्ठा झालो तर दुसरेही होतील. ज्यांची ज्ञाती लहान, ज्यांचे मंडळ नाही, त्यांचे चेंबर तुंबलेलेच राहील. आमच्या वडीलधाऱ्यांस हे पटले असे म्हणवत नाही. त्यांनी ‘‘पाहू’’ म्हटले आहे.

म्हणून आम्ही दोन गोष्टी मंडळापुढे मांडीत आहोत. पहिली अशी की महानगरपालिका ज्या वर्षी नागरिकांच्या सूचना मागवील त्या वर्षी मुदतीपूर्वीचे दोन रविवार हे सभागृह सकाळी खुले ठेवावे, प्रभागातील कोणाही रहिवाशास तेथे येऊन अर्ज भरता यावा, आणि ज्यांस लिहिता येत नाही त्यांचे अर्ज आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहून द्यावेत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, आपल्या नव्हे. दारावरच्या फलकावर ‘सर्वांसाठी’ हे दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावे, नाही तर भिंतीपलीकडून कोणी येणार नाही. त्या रविवारी मंगलकार्याची नोंदणी घेता येणार नाही व तेवढे भाडे बुडेल, हे कोषाध्यक्षांनी आम्हांस आधीच निदर्शनास आणून दिलेले आहे.

दुसरी गोष्ट घरची आहे. इमारत निधीत शिल्लक पडलेली रक्कम सभागृहात वातानुकूलन यंत्रे बसविण्यास खर्चावी, असा कार्यकारिणीचा विचार आहे. वसतिगृहातील न्हाणीघरांची दुरुस्ती त्यामुळे आणखी दोन वर्षे लांबेल. आमचे मत कोणत्या बाजूस आहे ते आपण ओळखले असेलच, म्हणून ते सांगत नाही. आमची विनंती इतकीच की हा निर्णय नऊ जणांनी बंद खोलीत घेऊ नये. दोन्ही कामांचे खर्च छापून आजीव सभासदांस, त्यांच्या घरातील स्त्रियांस, आणि वसतिगृहात राहणाऱ्या सोळा वर्षांवरील सर्व मुलामुलींस एकेक चिठ्ठी द्यावी व गुप्त मतदान घ्यावे. घटनेत मताचा अधिकार केवळ आजीव सभासदांस आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्यांस रोज सकाळी त्या न्हाणीघरापुढे रांगेत उभे राहावे लागते त्यांस मत नाही, आणि जे वर्षातून एकदा ह्या सभागृहात जेवावयास येतात त्यांस आहे, ही गोष्ट घटनेत आहे म्हणूनच ती बदलण्याचा ठराव आणावा लागत आहे.

तो ठराव आम्ही लेखी स्वरूपात आज सकाळी कार्यवाहांच्या हाती दिला आहे. त्यावर अनुमोदक म्हणून दोन आजीव सभासदांच्या सह्या हव्यात. एक मिळाली आहे. सर्वसाधारण सभा चार वाजता आहे आणि आम्ही तोपर्यंत जेवणाच्या मांडवात, पाण्याच्या पिंपाजवळ, लेखणी घेऊन बसलेले असू.